लायसन्स मिळालं तरी एक वर्ष ‘नवीन चालक’ची पाटी लावा



बीपी, शुगर, डेंग्यू, सर्पदंश अशा विषयांवर मी नेहमी लिहितो. आज मात्र गाडीच्या मागे लावायच्या एका पाटीवर लिहितो आहे. हा विषय आरटीओचा, यात डॉक्टरचं काय काम, असं काहींना वाटेल. पण तरण्याताठ्या वयात माणूस बीपीने क्वचितच दगावतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला साधारण ४६०. त्यांतली जवळपास दोन तृतीयांश माणसं १८ ते ४५ या वयातली होती आणि शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. आपल्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. एखाद्या तापाने एवढे बळी घेतले असते तर गावोगाव फवारणी सुरू झाली असती.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिलं एक वर्ष प्रत्येक नव्या चालकाच्या गाडीवर ‘नवीन चालक’ अशी ठळक पाटी असलीच पाहिजे. गाडी स्कूटी असो, मोटारसायकल असो, कार असो की पिकअप. सरकारने ही सक्ती करावी. आणि सरकार करेपर्यंत घरातल्या मोठ्यांनी करावी.

सध्याचा नियम काय आहे?

शिकाऊ लायसन्सवर गाडी चालवताना पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर हवं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. मापसुद्धा दिलेलं आहे. पाटी कमीत कमी १८ सेंटीमीटर लांब-रुंद आणि अक्षर कमीत कमी १० सेंटीमीटर उंच. शिवाय लायसन्स असलेला शिकवणारा माणूस सोबत हवा आणि वेळ आली तर गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. शिकाऊ चालकाने मोटारसायकलवर मागे कुणाला बसवायचं तर ते फक्त शिकवणाऱ्यालाच.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. पण ते मिळाल्यावर ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. आता यातली गंमत बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशी हा मुलगा इतका कच्चा, की पुढे-मागे लाल अक्षर पाहिजे आणि शेजारी जाणता माणूस पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याने मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला की तो एकदम तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाच्या पंगतीला बसतो. ना अक्षर, ना सोबत, ना वेगावर बंधन. रात्री दोन वाजता मागे दोघांना बसवून तो निघाला, तर नवा चालक म्हणून त्याला अडवणारा एकही नियम नाही. एका रात्रीत असा फरक अंगात पडत नसतो.

जे नियम आहेत त्यांचीही आपण माती केली आहे. ज्यांना ‘एल’ लावायला पाहिजे ते लावत नाहीत. ज्यांचं लायसन्स पक्कं होऊन पाच वर्षं झाली त्यांच्या काचेवर जुनं ‘एल’ तसंच चिकटलेलं असतं, कारण ते खरवडायचा कंटाळा. बाटलीवर एक नाव आणि आत दुसरंच औषध असेल, तर त्या लेबलवर कुणी विश्वास ठेवेल का? तसंच या अक्षराचं झालं आहे. मागून येणारा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

नवशिक्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं?

आता माझ्या विषयाकडे येतो. कुठलंही हाताचं काम शिकताना आपला मेंदू सुरुवातीला सगळी ताकद त्या कामावरच खर्च करतो. नव्याने इंजेक्शन द्यायला शिकणाऱ्याचं सगळं लक्ष सुईकडे असतं. मुरलेल्या सिस्टरचं लक्ष पेशंटच्या चेहऱ्याकडे असतं. पेशंटला घाम सुटतोय, चक्कर येतेय, हे तिला आधी कळतं, कारण सुई तिचा हातच सांभाळतो. काम असं अंगवळणी पडतं तेव्हा ते मेंदूच्या दुसऱ्या भागांकडे जातं आणि विचार करणारा भाग मोकळा होतो. याला सराव लागतो आणि सरावाला महिने लागतात.

गाडीचंही तसंच. नवा चालक क्लच, गिअर, ब्रेक यांत गुंतलेला असतो. त्याची नजर गाडीच्या नाकासमोर असते, आरशाकडे फार कमी वेळा जाते. मुरलेला चालक दूरवर बघतो. थांब्यावर एसटी उभी दिसली की तिच्या पुढून एखादं पोरगं पळत येईल, हे त्याला न सांगता समजतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. रस्त्यावर वाळत घातलेला मका दिसला की समोरचा मोटारसायकलवाला आपल्या बाजूला येणार, हे तो आधीच ओळखतो. धोका दिसायच्या आधी धोक्याचा वास येणं, हीच खरी ड्रायव्हिंग. मैदानावरच्या आठच्या आकड्यात ती तपासली जात नाही.

याचा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. धोका ओळखायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ब्रेकला हात जायच्या आधीच गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटरमध्ये बैलगाडी येते, म्हातारी येते, शाळेतलं लेकरू येतं.

त्यात वयाची भर. भावनांना, ईर्ष्येला, ‘बघ कसा काढतो’ या खुमखुमीला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. मजा आणि थरार मागणारा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी जोमात असतो. यात पोरांचा दोष नाही, वाढीचा क्रमच तसा आहे. मागे मित्र बसले की हा लगाम आणखी सैल होतो. म्हणूनच जगभरच्या अभ्यासांत एकच चित्र दिसतं. एकट्याने गाडी चालवायला लागल्यावर पहिले काही महिने अपघाताचा धोका सर्वांत जास्त असतो, मग तो झपाट्याने उतरतो. रात्री आणि सोबत समवयस्क असताना तो पुन्हा वर जातो.

पहिले महिने तापाच्या चढत्या आलेखासारखे असतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण ‘एल’ काढून फेकतो.

शेतकऱ्याला हे आधीपासून माहीत आहे

हे शहाणपण बाहेरून आणायची आपल्याला गरज नाही. गोऱ्हा पहिल्यांदा जुंपताना तुम्ही काय करता? दोन गोऱ्हे एकत्र कधी जुंपत नाही. एक गोऱ्हा आणि त्याच्या जोडीला एक शांत, जुना बैल. पहिल्यांदा मोकळ्या रानात, रिकाम्या जूवर. लगेच भरलेली गाडी घेऊन त्याला बाजारात नेत नाही. आणि समोरून कुणी आलं की ओरडून सांगता, ‘जरा बाजूने जा, गोऱ्हा नवा आहे.’ त्या ओरडण्यात बैलाचा अपमान नसतो आणि तुमचाही नसतो. समोरचाही चिडत नाही, बाजूला होतो.

‘नवीन चालक’ची पाटी म्हणजे हीच हाक आहे. बैलाच्या बाबतीत एवढं जपणारा बाप अठरा वर्षांच्या पोराच्या हाती दीडशे सीसीची गाडी देताना ही हाक का विसरतो, हा माझा प्रश्न आहे.

आम्हा डॉक्टरांनाही ही पाटी लावावी लागते. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालो तरी पुढे एक वर्ष इंटर्नशिप असते. वरिष्ठाच्या नजरेखाली काम करायचं. ‘इंटर्न’ म्हणवून घेताना कुणी खाली मान घालत नाही. साडेचार वर्षं शिकलेल्याला एक वर्ष देखरेख लागते, मग तीस दिवस शिकलेल्याला नको?

बाहेरच्या देशांत काय करतात?

जपानमध्ये १९७२ पासून नव्या चालकाने एक वर्षभर गाडीच्या पुढे आणि मागे पिवळ्या-हिरव्या रंगाचं चिन्ह लावायचं, असा नियम आहे. लोक त्याला कोवळ्या पानाचं चिन्ह म्हणतात. या नियमातली मला आवडलेली गोष्ट अशी, की बंधन फक्त नव्यावर नाही. असं चिन्ह असलेल्या गाडीला विनाकारण दाबणं, तिच्यापुढे मुद्दाम गाडी घालणं हा इतरांसाठी गुन्हा आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात आधी लाल ‘पी’ किमान एक वर्ष, मग हिरवा ‘पी’ दोन वर्षं लावतात. या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही, वेगाची मर्यादा वेगळी असते. लाल ‘पी’वाला पंचविशीच्या आतला असेल तर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात एकवीस वर्षांखालचा एकच सोबती घेता येतो. आयर्लंडमध्ये २०१४ पासून नव्या चालकाला दोन वर्षं ‘एन’ची पाटी आहे. ब्रिटनमध्ये हिरवा ‘पी’ आहे, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसतं स्टिकर चिकटवलं आणि अपघात कमी झाले, असा पक्का पुरावा नाही. पक्का पुरावा आहे तो टप्प्याटप्प्याने मोकळीक देण्याचा, म्हणजे रात्र, सोबती आणि दारू यांवर सुरुवातीला बंधन घालण्याचा. पण ही बंधनं कुणावर आहेत हे रस्त्यावर उभ्या पोलिसाला कळणार कसं? त्यासाठी पाटी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये तरुण नव्या चालकांना नंबर प्लेटवर लाल चमकणारी खूण सक्तीची केली. बंधनं तिथे आधीपासून होती, खूण नव्याने आली. पुढच्या दोन वर्षांत या चालकांच्या अपघातांचं प्रमाण सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं. साडेनऊ टक्के हे औषध म्हणून छोटं वाटेल. पण या औषधाची किंमत वीस-तीस रुपये आहे आणि साइड इफेक्ट जवळजवळ नाही.

‘पण डॉक्टर...’

*‘पोराला लाज वाटते.’* वाटू द्या. प्लास्टर घातलेल्या पायाचीही चार दिवस लाज वाटते. गावात दहा गाड्यांवर पाटी दिसली की अकराव्याला वाटणार नाही.

*‘पाटी बघून लोक मुद्दाम त्रास देतात, विशेषतः बायकांना.’* हा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्या भागात आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षिका स्कूटी शिकून वाडी-वस्तीवर जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारे, कट मारणारे महाभाग आहेत. म्हणून मला एकतर्फी नियम नको आहे. पाटीवाल्या गाडीला कट मारला तर दंड, हे जपानसारखं त्याच नियमात लिहिलं गेलं पाहिजे. पाटी लावणाऱ्याने मर्यादा पाळायच्या आणि बाकीच्यांनी त्याला जागा द्यायची. त्रास देणाऱ्यांच्या भीतीने सावध माणसाने पाटी काढून ठेवायची, हा उलटा न्याय झाला.

*‘नवा चालक स्वतःच जपून चालवतो, खरे धोकादायक तर मुरलेले.’* मुरलेल्यांतही बेदरकार आहेत, कबूल. पण जपून चालवणं आणि धोका वेळेवर ओळखणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जपून चालवणाराही घाबरून ऐन वळणावर करकचून ब्रेक मारतो. मागच्याला तो नवा आहे हे माहीत असेल, तर तो चार हात अंतर ठेवेल.

*‘आमच्याकडे निम्म्यांकडे लायसन्सच नाही, पाटी कुठे लावता?’* हा सर्वांत कडू प्रश्न आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने मोटारसायकल चालवणं बेकायदा आहे. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी. हल्लीची शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटी त्यात बसत नाही, हे अनेक पालकांना ठाऊकच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होऊ शकते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. १७ वर्षांच्या मुलाने ती चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि देश हादरला. आपल्या गल्लीत नववीतलं पोरगं तिघांना बसवून सुसाट जातं तेव्हा मात्र आपण कौतुकाने बघतो, ‘लई भारी चालवतो’ म्हणतो. पाटीची सवय लागली तर एक प्रश्न गावात आपोआप उभा राहील. हा पोरगा तर नवा दिसतो, मग याची पाटी कुठे आहे? आणि पाटी नाही म्हणजे लायसन्स तरी आहे का?

आपल्या गावाला हे जास्त लागू आहे

मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईत गाड्यांची काय गर्दी होते, ते मी सांगायला नको. पोती भरलेले पिकअप, ट्रॅक्टर, बाहेरगावचे ट्रक, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. माल भरेस्तोवर अंधार पडतो. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. नवरात्रात देवीच्या दर्शनाला पायी येणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालत असतात. हे सगळं नुकतं लायसन्स मिळालेल्या पोराच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात येतं.

आणि अपघात झालाच, तर आपलं अंतर लक्षात घ्या. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला मी इथे श्वास मोकळा करून देऊ शकतो, रक्त थांबवू शकतो, मान स्थिर करू शकतो, सलाइन लावू शकतो. मेंदूत रक्त साचलं असेल तर न्यूरोसर्जनच पाहिजे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरसारखं मोठं शहर गाठावं लागतं. १०८ लगेच आली तरी रस्ता तेवढाच राहतो. मेंदूला सूज चढायला तेवढा वेळ पुरतो. शहरातल्या नवशिक्याला जी चूक परवडते ती खेड्यातल्याला परवडत नाही.

कायद्याची वाट न बघता आजपासून काय कराल?

१. पक्कं लायसन्स मिळालं की लाल ‘एल’ काढा. ते शिकाऊ लायसन्सचं अक्षर आहे. त्याजागी ‘नवीन चालक’ अशी मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लावा. खाली लायसन्स मिळाल्याची तारीख लिहा. एक वर्ष झालं की काढून टाका. पाटी वर्षानुवर्षं राहिली तर तिचीही किंमत ‘एल’सारखी शून्य होईल.

२. कारला पुढच्या आणि मागच्या बाजूला, नजर अडणार नाही अशी लावा. दुचाकीला मागच्या मडगार्डवर किंवा हेल्मेटच्या मागच्या बाजूला चमकणारा कागद वापरा, म्हणजे रात्री दिसेल. नंबर प्लेटवर काहीही लिहू नका.

३. पहिले सहा महिने अंधार पडल्यावर एकट्याने गाडी नाही. अडचण असेल तर घरातला जाणता माणूस सोबत.

४. पहिले सहा महिने मागे मित्र नाही. तिघं तर कधीच नाही.

५. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, शेतात जातानाही. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका जवळपास ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं देशात गेली. पाटीबद्दल वाद घालता येईल, हेल्मेटबद्दल वादाला जागाच नाही.

६. तुम्ही मुरलेले चालक असाल तर तुमचंही काम आहे. पाटी दिसली की अंतर वाढवा, हॉर्न कमी करा, रात्री डिपर द्या. तो गोंधळला तर दोन सेकंद थांबा.

७. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना आणि गाडीच्या शोरूमवाल्यांना एक विनंती. पेढ्यांचा बॉक्स देता, गाडीला हार घालता, त्यासोबत ही पाटीही द्या. ग्रामपंचायतीने ठराव करून आरटीओकडे आणि आमदार-खासदारांकडे मागणी पाठवावी. नियम केंद्राचा आहे, तो बदलायला मागणी खालून गेली पाहिजे.

ज्यांच्या घरात गेल्या वर्षभरात कुणाला नवं लायसन्स मिळालं आहे, त्यांनी पुढच्या आठवडी बाजाराच्या आत पाटी करून घ्यावी. रंगाऱ्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. पोरगं कुरकुर करेल. त्याला सांगा, डॉक्टरांनी एक वर्षाचा कोर्स लिहून दिला आहे आणि कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

काही शंका असेल तर दवाखान्यात आल्यावर जरूर विचारा. गाडी सावकाश चालवा.